माणसांचा ग्लुकोमीटर, बोक्याचा कान: एकवीस महिन्यांच्या वापरानंतर

ज्या यंत्राविषयी लिहिते आहे ते कोणत्याही औषधांच्या दुकानात मिळणारे, घरच्या घरी रक्तातील साखर मोजण्याचे साधे यंत्र आहे. पंचवीस पट्ट्यांसह मला ते ९०० रुपयांच्या आत मिळाले. आमच्याकडे मात्र मार्च २०२३ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत ते पुराजी नावाच्या एका बोक्यासाठीच वापरले गेले, माणसाच्या बोटाला त्याची सुई एकदाही लागली नाही. दुकानदाराने विकताना "मांजराला बी शुगर असती व्हय?" असे विचारले होते. असते, आणि ती मोजावीही लागते.

जुलै २०२१ च्या महापुरात, राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे टाकली होती, तेव्हा कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीकडून आलेल्या एका बोटीत लोकांच्या बोचक्यांवर हा बसून आला. पाणी ओसरल्यावर त्याला न्यायला कोणी आले नाही, म्हणून तो आमच्याकडे राहिला. पुरातून आला म्हणून आईने त्याचे नाव पुराजी ठेवले. त्याची नसबंदी करून घेतली आणि मग प्रेमापोटी त्याला दोन वेळ दूधभात घातला, कारण मांजर म्हणजे दूधभात ही समजूत आमच्या घरात तीन पिढ्यांची आहे. मांजर हा मुळात मांस खाणारा प्राणी असून पिष्टमय आहार त्याला मानवत नाही, हे आम्हाला तो साडेसहा किलोचा झाल्यावर कळले. नसबंदी झालेले, वजनदार, मध्यम वयाचे बोके मधुमेहाला अधिक बळी पडतात, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा तो पाण्याचे भांडे दिवसातून दोनदा रिकामे करत होता, खाऊनही वाळत चालला होता आणि मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालत होता.

घरी यंत्र हवेच, असे मी म्हणते त्याचे कारण दवाखान्यात मिळणाऱ्या आकड्यात आहे. रिक्षात ओरडत आलेल्या, टेबलावर दाबून धरलेल्या मांजराची साखर निव्वळ भीतीने वाढते. पुराजीची दवाखान्यात ३८० आली आणि त्याच संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात, माझ्या मांडीवर, २४०. मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामाइन नावाची तपासणी असते, निदान पक्के करायला ती उपयोगी पडते, पण आज संध्याकाळी इन्सुलिन द्यावे की नाही हे तिच्यावरून ठरवता येत नाही.

आता अचूकतेविषयी. माणसाच्या रक्तातील साखर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, आणि तांबड्या पेशी यांच्यात साधारण ५८ आणि ४२ टक्के अशी वाटलेली असते, तर मांजरात सुमारे ९३ टक्के साखर प्लाझ्मातच असते. माणसांच्या यंत्राचे गणित माणसाच्या रक्तावर बेतलेले असल्यामुळे ते मांजराची साखर खऱ्यापेक्षा कमी दाखवते. प्राण्यांसाठी वेगळी यंत्रे असतात, परंतु त्यांच्या पट्ट्या मला कोल्हापुरात मिळाल्या नाहीत. डॉक्टरांचा सल्ला असा होता की एकच यंत्र कायम वापरावे, सुट्या आकड्याला फार मान देऊ नये आणि चढउतार वहीत लिहून ठेवावा. एवढ्या अपेक्षेने वापरले तर यंत्र चांगले आहे.

रक्त कानाच्या कडेच्या बारीक शिरेतून घ्यायचे असते. आधी कोमट फडक्याने कान शेकावा लागतो, नाहीतर थेंबच येत नाही. पहिल्या आठवड्यात माझ्या अकरा पट्ट्या वाया गेल्या, आणि एक पट्टी जवळजवळ २० रुपयांना पडत असल्यामुळे ते लक्षात राहिले. महिनाभरात मात्र पुराजी सुईची डबी वाजली की स्वतःच येऊन बसू लागला, कारण त्यानंतर उकडलेल्या कोंबडीचा तुकडा मिळतो हे त्याला ठाऊक झाले होते. पावसाळ्यात पट्ट्यांच्या डबीचे झाकण क्षणभरही उघडे ठेवू नये. आपल्याकडच्या जूनच्या हवेत पापड सादळतात तशा पट्ट्याही सादळतात आणि मग वाटेल तो आकडा दाखवतात.

यंत्राशी थेट संबंध नसलेली, पण त्याहून महत्त्वाची एक गोष्ट सिरिंजची आहे. आम्हाला दिलेले ग्लार्जिन इन्सुलिन दर मिलिलिटरला १०० युनिटचे होते आणि एका दुकानाने त्यासोबत लाल टोपणाच्या, म्हणजे ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी असलेल्या सिरिंज दिल्या. तिच्यात एका युनिटच्या खुणेपर्यंत औषध भरले असते तर अडीच युनिट गेले असते. डॉक्टरांनी "भरून दाखवा बघू" म्हटले म्हणून चूक पकडली गेली. त्यांनी केशरी टोपणाची सिरिंज हातात दिली आणि टोपणाचा रंग बघितल्याशिवाय सुई टोचायची नाही, असे बजावले.

पुढचे वर्षभर सगळे बरे चालले. बारा-बारा तासांनी दोन युनिट, दूधभात बंद, टाचा पुन्हा उचलल्या गेल्या आणि तो कट्ट्यावर उडी मारू लागला. काही मांजरांची साखर योग्य आहाराने आणि इन्सुलिनने इतकी आटोक्यात येते की इन्सुलिन थांबवता येते, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितले होते, आणि मी त्या दिवसाची वाट पाहत होते. त्यामुळे ऑक्टोबर २०२४ मध्ये वहीतले आकडे २१०, १८०, १५० असे उतरू लागले तेव्हा मी ते आनंदाने डॉक्टरांना कळवले आणि त्यांनी मात्रा एका युनिटवर आणली. तो ताटलीत थोडे टाकून उठतो हे मी कळवले नाही. मला ते कळवण्यासारखे वाटलेच नव्हते, कारण लाडावलेले मांजर नखरे करतेच.

नोव्हेंबरमध्ये एका रात्री तो चालताना झोकांड्या खाऊ लागला. यंत्राने ३८ दाखवले, म्हणजे साखर धोकादायक इतकी खाली गेली होती. घरात काकवी होती, ती बोटाने त्याच्या हिरड्यांना चोळत आई आणि मी पहाटेपर्यंत बसलो आणि दर अर्ध्या तासाने कान टोचत राहिलो. ३८, ५५, ७१, ९६. त्या रात्री या यंत्राने आपली किंमत शंभर वेळा वसूल करून दिली, हे मी नि:शंकपणे लिहिते. सकाळी रक्त तपासले तेव्हा मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते सांगणारे क्रिएटिनिन ६ च्या वर निघाले, जे मांजरात साधारण दोनच्या आत असायला हवे. मूत्रपिंडे निकामी होत आली की इन्सुलिन शरीरातून लवकर बाहेर पडत नाही आणि खाणेही कमी होते, म्हणून साखर उतरते. ज्या आकड्यांवर मी खूश होते ते त्याच्या खालावण्याचे आकडे होते.

इन्सुलिन थांबले आणि कातडीखाली सलाईन सुरू झाले, पण त्याने जेमतेम तीन आठवडे काढले. गेला त्या दिवशी सकाळी सवयीने मोजलेली साखर ११८ होती, एकवीस महिन्यांतला सर्वांत नेटका आकडा. वडणग्याच्या शेतात, बांधावरच्या आंब्याखाली त्याला पुरले.

यंत्र घ्यावे का, तर घ्यावे. वहीत साखरेच्या शेजारी दोन रकाने आणखी आखावेत, खाल्ले किती आणि वजन किती, आणि डॉक्टरांना तिन्ही सांगावेत. मी एकच आखला होता.

उरलेल्या पट्ट्यांची मुदत संपण्याआधी यंत्र शेजारच्या काकूंना दिले, त्यांना गेली दहा वर्षे मधुमेह आहे. यंत्रातले जुने आकडे पुसायचे माझ्या मनात नव्हते आणि ते राहूनही गेले. परवा रात्री दहा वाजता काकूंचा घाबऱ्या आवाजात फोन आला, "अगं, बटन दाबलं तर ह्यात अडतीस दाखवतंय, कुणाची गं ही?"