पेट्झल कोरॅक्स : ट्रॅड आरोहणासाठी दोन हंगाम वापरलेला हार्नेस

तैलबैलाच्या भिंतीवर दुसऱ्या टप्प्यात डाव्या हाताची मूठ भेगेत अडकवून उजव्या हाताने मी जो नट (भेगेत अडकवायचा धातूचा पाचरीसारखा तुकडा) शोधत होतो, तो माझ्या कमरेलाच होता. कमरेच्या नेमक्या कोणत्या बाजूला होता, हे मात्र मला समजत नव्हते. खालून निघताना नट हार्नेसच्या, म्हणजे दोर बांधायच्या कमर-मांडीच्या पट्ट्याच्या, उजवीकडच्या पुढच्या लूपमध्ये (साहित्य अडकवायच्या फासात) लावलेले होते. चढताना दोन वेळा कमरपट्टा आवळावा लागला, आणि त्या आवळण्यात सगळा पट्टाच अंगाभोवती चार बोटे फिरला. पुढचा लूप बगलेखाली गेला, मागचा लूप पाठीवरच्या सॅकखाली दबला आणि नटांचा जुडगा दिसेनासा झाला. त्या भेगेत मी किती वेळ उभा होतो याचा हिशेब माझ्याकडे नाही, पण खाली बिले देणाऱ्या, म्हणजे माझा दोर सांभाळणाऱ्या मित्राने दोनदा ‘काय झालं रे?’ असे विचारले होते, एवढे आठवते.

त्या हार्नेसच्या कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण बनावटीत दोष नव्हता. माझी निवड चुकली होती. तो खडकात आधीच बोल्ट मारलेल्या मार्गांसाठी बनवलेला हलका हार्नेस होता, आणि त्या कामासाठी तो उत्तमच होता. बोल्ट असलेल्या मार्गावर आरोहकाच्या कमरेला दहा-बारा क्विकड्रॉ (दोर बोल्टला जोडायच्या, दोन कड्यांच्या छोट्या पट्ट्या) असतात आणि ते सगळे एकसारखे असल्याने कोणताही हाताला लागला तरी चालते. ट्रॅड पद्धतीत, म्हणजे पुढे चढणाऱ्याने स्वतःच भेगांमध्ये नट, हेक्स (मोठे षट्कोनी नट), कॅम (भेगेत फाकून घट्ट बसणारे स्प्रिंगचे साधन) बसवत जायचे आणि मागून येणाऱ्याने ते काढत यायचे या पद्धतीत, प्रत्येक वस्तूचे माप वेगळे असते आणि ती ठरलेल्या जागी हाताला लागलीच पाहिजे. हार्नेस हा अशा वेळी पडल्यावर झेलणारा पट्टा तर असतोच, पण त्याआधी तो गवंड्याच्या थैलीसारखा, हत्यारे लावलेला कामाचा पट्टा असतो. दुकानात हार्नेस रिकामा असतो, आणि रिकाम्या हार्नेसमध्ये यातले काहीच दिसत नाही.

आपल्याकडच्या खडकामुळे ही अडचण आणखी वाढते. कोल्हापूरच्या आसपास पन्हाळा किंवा मसाई पठाराच्या माथ्यावर जांभा आहे; त्यात बसवलेल्या कोणत्याही साधनावर मी वजन टाकणार नाही. गगनबावड्याच्या बाजूला आणि पुढे सह्याद्रीभर जो बेसाल्ट आहे, त्यात भेगा सापडतात, पण त्यांच्या कडा अनेकदा कुजलेल्या, आतून मातीने भरलेल्या आणि बाहेरच्या बाजूला फाकलेल्या असतात. १९७८ मध्ये बाजारात आलेल्या ‘फ्रेंड’ या साधनापासून कॅमचे युग सुरू झाले हे खरे, परंतु कॅम भेगेच्या दोन्ही भिंतींवर स्वतःवर आलेल्या भारापेक्षाही जास्त जोराने दाब देतो, त्यामुळे सुटत चाललेल्या कपारीत तो लावणे म्हणजे पहार घालून कपार उखडण्यासारखेच असते. म्हणून आमच्या गटात कॅम मोजके आणि नट, हेक्स भरपूर असा प्रघात आहे. हेक्स आकाराने मोठे असतात आणि बैलाच्या गळ्यातल्या घंटांसारखे वाजत राहतात. त्यांच्या जोडीला स्लिंग (पट्टीचे फास), नट काढण्याची किल्ली आणि जुन्या मार्गांवर पिटॉन (भेगेत ठोकायचे लोखंडी खिळे) ठोकण्यासाठी हातोडा असे सगळे मिळून चार किलोंच्या आसपास वजन कमरेला येते. एवढे ओझे वागवणारा हार्नेस मला हवा होता.

मजबुतीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण खरेदीत सर्वांत जास्त चर्चा तिचीच होते आणि निर्णयासाठी तिचा उपयोग सर्वांत कमी असतो. लेबलवर ईएन १२२७७ हे युरोपीय मानक आणि त्याच्या शेजारी ‘टाइप सी’ असे छापलेले असेल, किंवा आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या यूआयएए १०५ या मानकाचा उल्लेख असेल, तर तो बसण्याचा हार्नेस १५ किलोन्यूटनच्या, म्हणजे सुमारे दीड टन वजनाइतक्या भाराच्या चाचणीतून गेलेल्या नमुन्याचा असतो. साध्या हार्नेसलाही ती चाचणी चुकत नाही आणि महागड्याला त्याहून कठीण चाचणी नसते. किमतीतला फरक गादीचा, बकलांचा, लूपांचा आणि वजनाचा असतो. मात्र लक्ष्मीपुरीतील हार्डवेअरच्या दुकानांत किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांसाठी जे पूर्ण अंगाचे सुरक्षा पट्टे मिळतात, ते स्वस्त पडतात म्हणून आरोहणासाठी घेऊ नयेत. ते वेगळ्या मानकाचे असतात, त्यांची मुख्य कडी पाठीवर असते, आणि लीड करणाऱ्याला, म्हणजे पुढे चढणाऱ्याला, दोर पुढून बांधायचा असतो. आमच्याकडे दर वर्षी एखादा नवा मुलगा असा पट्टा घेऊन येतो आणि त्याला परत पाठवताना वाईट वाटते, कारण त्याने पैसे साठवून तो घेतलेला असतो.

आता कोरॅक्सविषयी. कोल्हापुरात आरोहणाचे साहित्य घालून पाहून घेता येईल असे दुकान मला मिळाले नाही, म्हणून परत करण्याची सोय आहे याची खात्री करून तो मागवला. मला तो सहा हजार आठशे रुपयांना पडला. मागवण्यापूर्वी शिंप्याच्या टेपने कमर मोजली, पण पँटची कमर जिथे येते तिथे नाही, तर नितंबाच्या हाडांच्या वर, बेंबीच्या पातळीवर. ही दोन मापे सारखी नसतात, आणि हार्नेस हाडांच्या वरच आवळलेला असावा लागतो, म्हणजे माणूस उलटा झाला तरी पट्टा खाली सरकत नाही. कोरॅक्स दोनच मापांत येतो आणि प्रत्येक मापाचा आवाका मोठा आहे, त्यामुळे एकच हार्नेस दोघा-तिघांत वापरणाऱ्या गटांना तो सोयीचा पडतो.

पार्सल आले त्या संध्याकाळी तो घेऊन मी पेठेतल्या तालमीत गेलो. तिथे दोरीच्या मल्लखांबासाठी तुळईला जाड लोखंडी कडी बसवलेली आहे, आणि वस्तादांच्या परवानगीने मी त्या कडीला स्लिंग लावून, कमरेला सगळे साहित्य अडकवून आणि पाठीवर पाण्याची सॅक घेऊन लोंबकळत बसलो. पोरांचे जोर थांबले. वस्तादांनी एक फेरी मारून माझ्याकडे नीट पाहिले आणि विचारले, “किती वेळ टांगून घेणार म्हणायचं?” मी पंधरा मिनिटे सांगितली. “मग पंधरा मिनिटांनी उतरून बैठका मारून दाखवा,” ते म्हणाले. ही सूचना त्यांनी गमतीने केली होती, पण हार्नेस तपासण्याची याहून चांगली रीत मला आजवर कोणी सांगितलेली नाही. टांगल्यावर मांडीपट्टे जांघेत रुतून पाय बधिर होतात का, हे पहिल्या पंधरा मिनिटांत कळते. बैठका मारताना मांडीपट्टे वर ओढले जातात का आणि पाय उंच उचलताना अडतो का, हे नंतर कळते. कोरॅक्समध्ये डाव्या मांडीला हलकी रग लागली, ती मांडीपट्टा एक बोट सैल केल्यावर गेली. आधीच्या हार्नेसचे मांडीपट्टे शिवलेल्या मापाचे होते आणि तिथे असे काही करता आले नसते.

चप्पल लाइनीतून नवी कोल्हापुरी घेतली, तर ती आठ दिवस चावते आणि नंतर पायाचा आकार घेते, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते, आणि त्यामुळे नवी वस्तू थोडी टोचणारच अशी आपली समजूत झालेली असते. हार्नेसला ती लागू नाही. नायलॉनच्या पट्ट्या आणि आतला फोम चामड्यासारखे अंगवळणी पडत नाहीत. पहिल्या दिवशी जिथे रुतते, तिथे तो शेवटपर्यंत रुततो. तालमीत टोचला असता तर मी तो दुसऱ्याच दिवशी परत केला असता.

कोरॅक्स निवडण्याचे खरे कारण त्याच्या कमरपट्ट्यावरची दोन बकले हे आहे. एकाच बकलाच्या पट्ट्यात आवळण्याची सगळी ओढ एका बाजूने येते, आणि माझ्यासारखा अंगाने किरकोळ माणूस ते आवळतो तेव्हा गादीचा मध्य पाठीच्या कण्यावरून सरकतो आणि चारही लूप एका दिशेने फिरतात. दोन बकले असली की दोन्ही बाजू सारख्या ओढता येतात, गादी मध्यभागी राहते आणि डावा-उजवा लूप समोरासमोर राहतो. दोन हंगामांत माझे वजन थोडे वाढले (दिवाळीनंतर सगळ्यांचेच वाढते), आत कधी जाड टी-शर्ट तर कधी पातळ सदरा असे चालले, तरी नट जिथे लावले तिथेच हाताला लागत आले आहेत. तैलबैलाच्या त्याच भेगेत मी नंतर पुन्हा गेलो, तेव्हा खाली न पाहता तिसऱ्या क्रमांकाचा नट काढून बसवता आला.

लूप चार आहेत. पुढचे दोन कडक, आकार धरून राहणारे आहेत, त्यामुळे एका हाताने कॅराबिनर (झडपेची कडी) अडकवता आणि सोडवता येतो. मागचे दोन मऊ आहेत आणि सॅकचा कमरेवरचा भाग त्यांच्यावर टेकला तरी पाठीला काही टोचत नाही. मी नट आणि लहान कॅम पुढे, क्विकड्रॉ दोन्ही बाजूंना वाटून, आणि हेक्स, मोठे स्लिंग व हातोडा मागे लावतो. माझ्या साहित्याला चार लूप जेमतेम पुरतात. सहा हेक्स घेतले की मागची बाजू गच्च होते, आणि चिमणीत, म्हणजे अंग मावेल एवढ्या रुंद फटीत, पाठ व पाय भिंतींना लावून चढताना ती बाजू घासते. अशा टप्प्यावर मी हेक्स स्लिंगला लावून खांद्यावरून घेतो. ज्यांना नेहमीच याहून जास्त साहित्य लागते, त्यांनी पाच किंवा त्याहून जास्त लूपांचा हार्नेस पाहावा. कोणत्याही हार्नेसचे हे लूप काही किलोंचे साहित्य वागवण्यासाठीच असतात. त्यांना स्वतःला बांधून घेण्याची चूक अंधारात, थकलेल्या अवस्थेत होऊ शकते, म्हणून सुळक्याच्या माथ्यावर मी नवशिक्यांच्या गाठी स्वतः हात लावून पाहतो.

मांडीपट्टे कमी-जास्त करता यावेत, याची बाजू घेताना थंड देशांतले आरोहक थरावर थर कपडे घालण्याचे कारण सांगतात. आपल्याकडे डिसेंबरातही अकरानंतर सदरा ओला होतो, त्यामुळे ते कारण आपल्याला फारसे लागू नाही. आपल्याला त्यांचा उपयोग गटात हार्नेस फिरवण्यासाठी आणि दिवसभराच्या चढाईत नैसर्गिक विधीसाठी होतो: मागचे लवचीक पट्टे सोडून, कमरपट्टा आणि दोर तसाच ठेवून, मांडीपट्टे खाली करता येतात. उन्हाची बाब मात्र खरी आहे. जाड गादीचा कमरपट्टा फेब्रुवारी-मार्चमध्ये घामाने भिजून जड होतो, आणि अर्ध्या किलोच्या आसपासचा हा हार्नेस स्पर्धेच्या हलक्या हार्नेसच्या शेजारी ठेवला तर ठोकळाच वाटतो. टांगून बिले देण्याच्या तासाभरासाठी मी ती गादी आनंदाने वागवतो.

दोर बांधण्याबद्दलही लिहिले पाहिजे, कारण दर शिबिरात हा गोंधळ होतो. दोर कमरपट्ट्याच्या आणि मांडीपट्ट्यांच्या दोन्ही बांधणी-बिंदूंतून ओवायचा. बिले लूप, म्हणजे या दोन बिंदूंना जोडणारा पुढचा फास, हा कॅराबिनर लावण्यासाठी असतो. कोरॅक्सचे बांधणी-बिंदू रुंद आहेत आणि दोराच्या घर्षणाने तिथली वीण विसविशीत होऊ लागली की ती डोळ्यांना दिसते. बिले लूपची पाहणी मी प्रत्येक मोहिमेपूर्वी करतो. टॉड स्किनर हा अमेरिकेतला अत्यंत अनुभवी आरोहक २००६ साली योसेमिटीतील लीनिंग टॉवरवरून दोराने उतरत असताना जीर्ण झालेला बिले लूप तुटून मरण पावला.

नायलॉन कशाने खराब होते, याबाबत आपल्या घरांत एक विशेष धोका आहे. जिन्याखालची जागा मोकळी असते म्हणून तिथे इन्व्हर्टर ठेवतात, आणि त्याच्या वरच्या खिळ्याला सॅक, दोर, हार्नेस टांगतात. बॅटरीतल्या आम्लाने आणि त्याच्या वाफेने नायलॉनची ताकद जाते, आणि पट्टा वरून नव्यासारखाच दिसत राहतो. पावसाळ्याचे चार महिने कोल्हापुरात काहीही वाळत नाही. त्या काळात हार्नेस साध्या पाण्याने धुऊन, पंख्याखाली सावलीत पूर्ण वाळवून, कापडी पिशवीत कपाटात ठेवावा. उन्हात वाळवू नये आणि डांबराच्या गोळ्यांबरोबर ठेवू नये. शिलाई उसवली तर ‘चांभाराकडून दोन टाके मारून घेऊ’ असे कोणी सुचवले, तरी ऐकू नये. कंपनी कापडी भागांचे आयुष्य, वापर झाला नाही तरी, जास्तीत जास्त १० वर्षे धरते, आणि हे आयुष्य उत्पादनाच्या तारखेपासून मोजले जाते. त्यामुळे मोठी सवलत देणाऱ्या विक्रेत्याकडून माल आला की आधी लेबलवरचे वर्ष वाचावे. माझा हार्नेस आला तेव्हा सात महिन्यांचा होता.

जुना हलका हार्नेस मी काही दिवस बोल्टच्या मार्गांसाठी ठेवला होता. मागच्या पावसाळ्यानंतर त्याच्या बिले लूपवर केसाळ ठिपका दिसला, तेव्हा लूप आणि कमरपट्टा दोन्ही कात्रीने कापून कचऱ्यात टाकले, कारण आमच्या गटातली मुले आख्खी दिसणारी कोणतीही वस्तू उचलून डोंगरावर घेऊन जातात.