अमारोने घ्यावी की रिपासो?

इटलीत वेरोनाजवळच्या वालपोलिचेल्ला भागात एखाद्या कुटुंबाच्या वायनरीत गेलात, की या दोन बाटल्या समोर येतात. दोन्ही लाल वाइन, दोन्हींत मुख्यतः कोर्विना जातीची द्राक्षं, पण किमतीत बरंच अंतर. त्याचं कारण वायनरीच्या माळ्यावर सापडतं.

तासगावची बेदाण्याची शेड पाहिलेल्याला हे लगेच कळेल. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निवडक घड हातानं तोडून बांबूच्या मांडण्यांवर किंवा उथळ पेट्यांत एकाच थरात पसरतात आणि तीन-साडेतीन महिने वाऱ्यावर ठेवतात. आपल्याकडे साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. तिथे मात्र वजन तीस-चाळीस टक्के घटलं की थांबतात, कारण त्यातून रस काढायचा असतो. एका घडाला बुरशी लागली तर शेजारचेही जातात, म्हणून हिवाळाभर कुणीतरी घड तपासत असतं. मग गाळप. थंडीत रस फार सावकाश आंबतो. साखर जवळजवळ सगळी संपते, अल्कोहोल किमान 14 टक्के, बहुतेकदा 15-16. त्यानंतर निदान दोन वर्षं मुरवण. ही अमारोने. साखर मुद्दाम शिल्लक ठेवली तर गोड रेचोतो होते, आणि ती जास्त जुनी आहे. इटालियनमध्ये ‘अमारो’ म्हणजे कडू. रेचोतोच्या गोडीसमोर हे नाव पडलं.

रिपासो ताज्या द्राक्षांच्या वाइनपासून बनते. अमारोने काढून घेतल्यावर उरलेल्या चोथ्यावर ती वाइन काही दिवस ठेवतात. चोथ्यातली साखर आणि यीस्ट तिला पुन्हा आंबवतात, अंग भरतं, सुकल्या द्राक्षाची चव उतरते. मासी वायनरीच्या बोस्काइनी कुटुंबानं 1964 साली काम्पोफिओरिन या वाइनमधून ही रीत पुढे आणली.

रिपासोला स्वस्तातली अमारोने म्हणणं मला पटत नाही. चेरीची आंबट धार तिच्यात शिल्लक राहते, म्हणून ती जेवणाबरोबर जमते. चार जण जेवायला बसणार असाल तर तीच घ्या. मटणाच्या तिखट रश्श्यासोबत अमारोने नकोच, अल्कोहोलनं तिखट आणखी भडकतं. तिला जुनं पार्मिजानो चीज, मंद शिजवलेलं मांस आणि निवांत संध्याकाळ लागते. दहा वर्षं जपून ठेवायची बाटली हवी असेल, तर मात्र पैसे तिच्यावरच घाला.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गेलात तर बाटली ठरवण्याआधी माळा दाखवायला सांगा. घड तेव्हा वरच असतात.