दाराच्या काचेवरचे चरे आणि सीरियम ऑक्साइड : काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडीच्या दाराच्या काचेवर पडलेले चरे घरच्या घरी घालवता येतात का, असा प्रश्न ज्यांना पडला आहे त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. काच घोटायला वापरतात ती सीरियम ऑक्साइडची पावडर आणि ड्रिलला लावायचे फेल्टचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे पॅड मी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतले. मध्ये पावसाळा आणि हिवाळा सरला, आता ऊन तापू लागले आहे, आणि तेव्हा पॉलिश केलेल्या काचा रोजच्या वापरात आहेत. ही पावडर खरोखर काम करते, असे माझे मत झाले आहे. मात्र चरा किती खोल आहे आणि तो कशामुळे पडला, या दोन गोष्टी आधी नीट तपासल्या पाहिजेत. नाहीतर हात दुखेपर्यंत घासूनही समाधान मिळत नाही.

आधी कारणाबद्दल. मी पुण्याजवळ मोशीच्या बाजूला राहते. तिकडे खडी क्रशर आहेत, रस्त्यांची आणि इमारतींची कामे कधी थांबत नाहीत, आणि सकाळी काचेवर बोट फिरवले तर खरखर जाणवावी इतकी धूळ रोज बसलेली असते. काच खाली घेतली की त्या धुळीतले कण दाराच्या कडेच्या रबरी पट्टीत, म्हणजे बाहेरच्या बीडिंगमध्ये अडकतात, आणि पुढे काच जितक्या वेळा वर-खाली होते तितक्या वेळा तेच कण तिच्यावर घासले जातात. म्हणून दाराच्या काचेवरचे चरे बहुतेक उभे आणि एकमेकांना समांतर असतात. याउलट गोलाकार किंवा आडव्यातिडव्या बारीक रेषा दिसल्या तर त्या बहुधा काच कोरड्या फडक्याने पुसल्याच्या असतात. कठीणपणाच्या मोह्स मापावर गाडीची काच साधारण ५.५ भरते. आपल्याकडच्या काळ्या दगडातील फेल्डस्पार हे खनिज ६ च्या पुढे असते, आणि त्या दगडाच्या पोकळ्यांत सापडणारी गारगोटी ७ च्या जवळ जाते. क्रशरच्या पुडीत हे सगळेच असते, त्यामुळे आपल्या भागातील धूळ काचेवर चरे पाडते यात नवल नाही.

चऱ्याची खोली पाहण्याची रीत साधी आहे. काच स्वच्छ धुऊन कोरडी करावी आणि नखाचे टोक चऱ्यावर आडवे फिरवावे. नख अलगद निघून गेले तर चरा वरवरचा आहे. नख अडकले तर तो खोल आहे. शिवाय संध्याकाळी बॅटरीचा झोत काचेवर तिरका धरला की दिवसा न दिसलेले अनेक ओरखडे उठून दिसतात. माझ्या गाडीच्या चालकाच्या बाजूच्या काचेवर नखाला न लागणाऱ्या रेषांचा एक पट्टा होता, नेमका आरसा पाहण्याच्या जागी, आणि त्याच काचेच्या मागच्या कोपऱ्यात एक चरा असा होता की त्यात नख स्पष्ट अडकत असे. ज्या काचेच्या दुकानात मी चौकशी केली तेथील कारागिरांनी त्यावर बोट ठेवून सांगितले, "ताई, हा जाणार नाही. गेला तर काच लाटेसारखी दिसेल. बाकीचे घासा, याला हात लावू नका." गेल्या काही महिन्यांत या विषयावर मला मिळालेला सर्वांत उपयुक्त सल्ला हाच होता.

लाटेसारखी का दिसेल, हे समजून घेतले की संपूर्ण काम समजते. पॉलिश करताना चरा बुजत नाही. चऱ्याच्या आजूबाजूची काच त्याच्या तळापर्यंत उतरवली जाते, म्हणून तो नाहीसा होतो. चरा वरवरचा असेल तर उतरवायची काच इतकी थोडी असते की डोळ्याला काही कळत नाही. चरा खोल असेल तर तेथे उथळ खळगा तयार होतो, आणि त्यातून पाहताना विजेचा खांब किंवा इमारतीची कड वाकलेली दिसते. कोपऱ्यात हे एक वेळ चालेल, पण आरशासमोर किंवा पुढच्या काचेवर चालकाच्या नजरेच्या रेषेत ते मुळीच चालणार नाही.

सीरियम ऑक्साइड हे काम इतर पावडरींपेक्षा चांगले करते, कारण ते काच नुसती खरवडत नाही. पाण्यामुळे काचेचा अगदी वरचा थर किंचित मऊ होतो, सीरियमचे कण त्यातील सिलिकाशी रासायनिक बंध जोडतात, आणि पॅड फिरताना तो थर रेणूंच्या पातळीवर ओढून नेतात. म्हणूनच पृष्ठभाग पारदर्शक राहतो. पूर्वी काच घोटायला लोहाचे तांबडे ऑक्साइड वापरत असत. विसाव्या शतकाच्या मध्यापासून चष्म्याच्या काचा आणि दुर्बिणीची भिंगे यांच्यासाठी सीरियमने त्याची जागा घेतली. ही पावडर मी प्रथम पाहिली ती दुर्बिणीचा आरसा स्वतः घासणाऱ्या एका परिचितांकडे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या कार्यशाळांमुळे असे हौशी लोक बरेच आहेत. आरशाला आकार देताना ते कार्बोरंडमची खरखरीत पूड वापरतात आणि शेवटची चकाकी सीरियमने आणतात. पावडरीच्या रंगावरून गोंधळ होऊ नये म्हणून एक सांगते : शुद्ध सीरियम ऑक्साइड फिकट पिवळसर असते, परंतु पॉलिशसाठी विकली जाणारी पावडर त्यातील इतर दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांमुळे गुलाबी-तपकिरी दिसते. माझी पावडर तशीच होती आणि तिने काम चोख केले.

आता प्रत्यक्ष कृती. सर्वांत जास्त वेळ तयारीला द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. मी काच शाम्पूने दोनदा धुतली, नंतर बीडिंगची कड हलकेच बाजूला करून आतली धूळ ओल्या मऊ ब्रशने काढली, कारण तेथून सुटलेला एक कण पॅडखाली आला तरी नवा चरा पडतो. काचेच्या आतल्या बाजूने मार्करने चऱ्यांभोवती चौकट आखली. बाहेरून खूण केली असती तर ती पहिल्याच फेऱ्यात पुसली गेली असती, आणि ओल्या, धूसर काचेवर चरा नेमका कुठे होता हे सापडत नाही. दाराचा रंग, रबर आणि काळे प्लॅस्टिक यांवर मास्किंग टेप लावली आणि खाली जुनी चादर अंथरली. हा लगदा खरखरीत काळ्या प्लॅस्टिकवर वाळला की त्याचे पांढुरके डाग निघता निघत नाहीत.

पावडर पाण्यात कालवून दाट ताकासारखी करावी. ती लगेच तळाशी बसते, म्हणून दर वेळी ढवळूनच पॅडवर घ्यावी. ड्रिल शक्यतो बॅटरीचे असावे, कारण हाताशी सतत पाणी उडत असते आणि तेथे विजेची वायर नसलेली बरी. वेग मिनिटाला १,००० ते १,५०० फेऱ्यांच्या दरम्यान ठेवावा. काही जण यासाठी अँगल ग्राइंडर वापरतात, पण त्याच्या फेऱ्या मिनिटाला १०,००० च्या वर जातात. त्या वेगाने लगदा उडून जातो, पॅड कोरडे पडते आणि काच क्षणात तापते.

उष्णतेची गोष्ट येथे गांभीर्याने घ्यायला हवी. काच एका जागी तापली आणि शेजारी थंड राहिली तर त्या फरकाने ती तडकू शकते. मी एका हाताने ड्रिल धरून दुसऱ्या हाताचे बोट आतल्या बाजूने त्याच जागी टेकवत होते. काच कोमटपेक्षा जास्त गरम लागली की थांबायचे, फवाऱ्याच्या बाटलीने पॅड ओले करायचे आणि शेजारच्या भागाकडे जायचे. तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी मात्र ओतू नये. हे काम सावलीत आणि सकाळीच करावे. पॅड एका जागी दाबून न धरता चऱ्याच्या दोन्ही बाजूंना चार-पाच इंच पसरत न्यावे, म्हणजे उतार इतका सौम्य होतो की नजरेला जाणवत नाही. हात चालू असताना काहीच होत नाही असे वाटते. पंधरावीस मिनिटांनी पुसून, तिरक्या झोतात पाहिल्यावरच फरक कळतो. आधी सर्वांत बारीक रेषा जातात आणि उरलेल्यांच्या कडा बोथट होऊन त्यांची चमक मंदावते. आरशासमोरचा तो पट्टा पूर्ण निघायला सलग बसून सकाळचा बराचसा वेळ गेला, आणि तेवढा वेळ ज्यांना द्यायचा नसेल त्यांनी हे काम हाती घेऊ नये.

दाराच्या काचा टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेल्या असतात, मग घासल्याने त्या कमजोर होणार नाहीत का, अशी शंका मला घरूनही विचारली गेली. टफन्ड काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवर दाबाखाली असलेला एक थर असतो आणि तिची ताकद त्या थरात असते. हा थर दर बाजूस काचेच्या जाडीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा, म्हणजे ४ मिलिमीटरच्या काचेत सुमारे ०.८ मिलिमीटर असतो. सीरियमने वरवरचे चरे काढताना काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काच निघते, त्यामुळे त्या थराला धक्का लागत नाही. खोल चऱ्यासाठी आधी खरखरीत चकत्या लावून काच उतरवायची पद्धतही आहे, परंतु तिने काच दुधाळ होते आणि ते दुधाळपण घालवायला सीरियमला कितीतरी पट वेळ लागतो. घरी मी ते करणार नाही.

निकाल दिवसापेक्षा रात्री अधिक जाणवला. पूर्वी पुणे-नाशिक रस्त्यावर मागच्या गाडीचे दिवे आरशात पडले की मधल्या काचेवरच्या रेषा उजळून निघत आणि आरशातली गाडी किती जवळ आहे याचा अंदाज घ्यायला क्षणभर जास्त लागे. तो त्रास आता राहिलेला नाही, आणि माझ्यासाठी या खटाटोपाचे सार्थक तेवढ्यात झाले. बोअरच्या पाण्याचे जे पांढरे ठिपके काचेत मुरले होते तेही त्याच ओघात निघाले. पावडर विकत घेताना मला त्याची अपेक्षा नव्हती.

या महिन्यांत पॉलिश केलेला भाग धूसर झाला नाही की त्याची चकाकी उतरली नाही. उतरण्याचे कारणही नाही, कारण तेथे कोणताही लेप किंवा भराव नाही, काचच आहे. काचेवर पाणी न ठरू देणारे कोटिंग असेल तर ते मात्र घासताना निघून जाते. पावसाळ्यात त्या भागावर पाणी वेगळे पसरताना दिसले, म्हणून कोटिंग पुन्हा लावावे लागले. नवे चरे मात्र मागच्या डाव्या दाराच्या काचेवर आले आहेत. चालकाच्या बाजूचे बीडिंग मी पॉलिशनंतर लगेच बदलून घेतले होते आणि तेथे एकही नवी रेषा नाही. मागच्या दाराचे जुनेच ठेवले होते, त्याची मखमली कड झिजून कडक झाली आहे आणि तेथे उभ्या रेषा पुन्हा दिसू लागल्या आहेत. हा फरक डोळ्यांसमोर असल्याने मी ठामपणे सांगते की बीडिंग साफ करणे, आणि झिजले असेल तर बदलणे, याच्याशिवाय पॉलिशचा खर्च करू नये. धुळीच्या दिवसांत काच खाली घेण्याआधी वरून पाण्याचा एक फवारा मारण्याची सवयही मी लावून घेतली आहे.

पुढच्या काचेवर वायपरने पाडलेली कमान मी पॉलिश केलेली नाही आणि करणारही नाही. ती लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा असलेली काच असते, चालकाची नजर सतत तिच्यातून जाते, आणि तेथे थोडीशी लाटही डोळ्यांना थकवते. दगड लागून पडलेल्या टवक्यात रेझिन भरण्याची दुरुस्ती वेगळी. ती चऱ्यांसाठी नाही. मागच्या काचेला आतून हात लावू नये, तेथे डिफॉगरच्या, म्हणजे काचेवरचे धुके घालवणाऱ्या तारा असतात. जुनी गाडी घेणाऱ्यांना आतल्या बाजूने ब्लेडचे सरळ ओरखडे दिसतात. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातल्यावर ज्या गाड्यांची फिल्म ब्लेडने खरवडली गेली, त्यांवर ते विशेष आढळतात आणि त्यांतले बरेचसे नखाला लागणारे असतात. टूथपेस्टचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. तिने काच स्वच्छ होते, चरा जात नाही.

कोपऱ्यातला तो खोल चरा तसाच आहे. दाराची काच बदलण्याचा खर्च मी विचारून ठेवला आहे. आपल्याकडच्या वाहन विम्यात काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही, परंतु वापराने पडलेले चरे दाव्यात धरले जात नाहीत, आणि लहानशा रकमेसाठी दावा करून नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट घालवणेही परवडत नाही. म्हणून पावसाळ्यापूर्वी मागच्या दाराचे बीडिंग बदलून त्याची काच उरलेल्या पावडरीने घोटायची, आणि कोपऱ्यातला चरा तसाच राहू द्यायचा, असे मी ठरवले आहे. पावडर अजून निम्मी शिल्लक आहे. पॅड प्रत्येक वापरानंतर वाहत्या पाण्यात धुऊन, वाळवून, झाकणाच्या डब्यात ठेवते, म्हणजे त्यावर बाहेरची धूळ बसत नाही. कोरडी पावडर हाताळताना नाकावर मास्क बांधावा.