हेडलेस बासच्या तारांची टोकं: सात-आठ महिने वापरून झाल्यावर

हेडलेस बास (वरचं डोकं नसलेली बास गिटार, ट्यूनर खालच्या टोकाला ब्रिजकडं) वजनाला हलका, नेक (लांब दांडा) खाली ओढत नाही, हे सगळे सांगतात आणि ते खरंच आहे, पण कापलेल्या टोकांचं काय करायचं ते कुणी बोलत नाही म्हणून लिहितोय.

स्टाइनबर्गर कंपनीने १९८० च्या आसपास हेडलेस बास आणला त्याला दोन्ही टोकांना बॉल (धातूची छोटी कडी) असलेल्या तारा लागायच्या, कापाकापीचा विषयच नाही. आता तसला सेट सोलापुरात कुठं शोधायचा? माझ्या बासला साधी तार चालते, बॉल ब्रिजकडच्या ट्यूनरमध्ये आणि मोकळं टोक वर नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाला) क्लॅम्पमध्ये, ॲलन कीने आवळायचं. पण साधी तार लांब असते, त्यामुळं ती नेमकी जाड गुंडाळीवरच (आतल्या तारेवर, म्हणजे कोरवर, गुंडाळलेल्या तारेवर) कापावी लागते आणि तिथंच सगळी गोम आहे. गुंडाळी सुटली की आतपर्यंत सैल होत जाते, तार ठप्प वाजायला लागते, वर टोक सुईसारखं टोचतं ते वेगळंच.

माझी पद्धत अशी बसली: ट्यूनर पूर्ण ढिला करायचा, तार हातानं चांगली ताणून क्लॅम्प आवळायचा (ढिली धरली तर ट्यूनरची रेंज संपते, सूर वर येतच नाही), सुरात आणायची, मग क्लॅम्पबाहेर पक्कडीनं काटकोनात मोडायची आणि मगच कापायची. हेक्स (सहाकोनी) कोरला कोपरे असतात म्हणून ती गुंडाळी धरून ठेवते, पण राउंड (गोल) कोर असेल तर न मोडता कटर लावूच नका. आणि कापताना तुकडा धरा, डोळ्याकडं उडतो.

आता टोक झाकायचं. फेविक्विकचा थेंब पहिल्यांदा भारी वाटला, पण नुसता तेवढ्यावर टिकत नाही, बॅगेत घासून टवका निघतो. सोल्डर निकेलच्या तारेवर मस्त बसतं, स्टेनलेसवर साध्या फ्लक्सनं धरतच नाही. शेवटी हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आकसणारी प्लॅस्टिकची नळी), इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळते, अगदी स्वस्त. ४५-१०५ च्या सेटला (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) ई आणि ए या जाड तारांसाठी ३ मिमी, डी आणि जी या बारीक तारांसाठी २ मिमी, अर्ध्यावर आकसते म्हणून फिट्ट बसते. टोकाच्या पुढं थोडी जास्त सोडायची आणि गरम असतानाच चिमटीनं दाबायची, तोंड बंद होतं. लायटर दुरून फिरवा, खाली ओला कपडा ठेवा, नाहीतर पॉलिश जाईल. मी सोल्डरिंगची दांडी जवळून फिरवतो, ते बरं पडतं.

गणपतीत रोज बास आत-बाहेर झाला, बॅगेचं अस्तर फाटलं नाही. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात, बंद गाडीत राहूनपण स्लीव्ह निघाली नाही. फक्त क्लॅम्पचा स्क्रू नव्या तारेवर दोन-तीन दिवसांनी एकदा परत आवळा, सूर उतरला की लोक ट्यूनरच फिरवत बसतात. आणि ॲलन की बॅगेतच ठेवा, हुतात्मा स्मृती मंदिरात (आमचं सोलापूरचं नाट्यगृह) स्टेजवर कोण देणारे तुम्हाला.