पगार थांबलाय: मिनिमम ड्यू की सोनेतारण?

दोन-तीन महिने पगार नाही आणि क्रेडिट कार्डाचं बिल 40,000. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरावीच लागणारी रक्कम, साधारण 5 टक्के म्हणजे 2,000 भरले की लेट फी टळते, व्याज मात्र चालूच. महिन्याला साडेतीन टक्के धरले तर वर्षाला 42, वर जीएसटी. शिवाय त्याच कार्डावर किराणा घेतला तर त्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज! बँकेतलं सोनेतारण याहून खूपच स्वस्त पडतं. आईच्या पाटल्या गहाण ठेवायला जिवावर येतं, आणि हप्ते थकले तर लिलावाची भीती खरीच. तरी पगार सुरू होण्याची खात्री असेल तर मी सोनेतारणच सांगेन. मात्र कार्डाचं बिल भरण्याआधी किराणा, भाडं, औषधं. वीजबिल थकलं तरी कनेक्शन तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते.