पद्मिनीच्या इंजिनासाठी काय घ्यावं: जुना साठा, नवा लोकल माल की मूळ भागाची दुरुस्ती?

प्रीमियर पद्मिनीचं इंजिन खोललं की मिस्त्री विचारतो, “माल कुठला टाकायचा?” वाटा तीनच आहेत. पहिली, दुकानात पडून राहिलेला कंपनीच्या काळातला न वापरलेला माल. दुसरी, आज बनणारा लोकल माल. तिसरी, गाडीतलाच मूळ भाग लेथवर आणि बोअरिंग मशीनवर नेऊन दुरुस्त करणं. बहुतेक मालक यातली एकच वाट धरतात आणि सगळं इंजिन त्याच मालाने भरतात. मला हे अजिबात पटत नाही. पिस्टनसाठी जी वाट उत्तम, ती इंजिनावरच्या पेट्रोल पंपातल्या डायाफ्रामसाठी, म्हणजे रबरी पडद्यासाठी, घातक असते.

आधी बाजाराचं चित्र समजून घ्या. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली फियाट ११०० डिलाइट बाहेर पडली, १९७४ पासून ती पद्मिनी झाली आणि २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं. त्यानंतरही सुटे भाग मिळत राहिले ते मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींमुळे. टॅक्सी दिवसरात्र पळायची. टॅपेट, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हकडे पोचवणारा भाग, कच्चा निघाला तर चार आठवड्यांत इंजिन वाजायला लागायचं आणि टॅक्सीवाला तो भाग घेऊन थेट दुकानदारासमोर उभा राहायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आता तोच भाग रविवारी सकाळी तासभर फिरणाऱ्या गाडीत बसतो. दोष दिसेपर्यंत वर्ष उलटतं, बिल सापडत नाही आणि दुकानदाराला तुम्ही आठवतही नाही. आजच्या लोकल मालाचा दर्जा घसरण्याचं मोठं कारण मला हेच वाटतं. माल तपासणारं गिऱ्हाईकच उरलेलं नाही. म्हणून ही तपासणी भाग गाडीत जाण्याआधी आपल्यालाच करावी लागते.

पिस्टन, रिंग आणि क्रँक

हे इंजिन १०८९ सीसीचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५ मिमी. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. ब्लॉक आणि क्रँक (पिस्टनची वरखाली हालचाल फिरण्यात बदलणारा दांडा) या दोन बाबतींत माझं मत पक्कं आहे: मूळचं ठेवा, दुरुस्त करा. बोअर कितीही झिजला असला तरी स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, मारून पुन्हा ६८ मिमीला आणता येतो. मूळ क्रँकचं लोखंड आजच्या अनोळखी मालापेक्षा भरवशाचं आहे. ग्राइंडिंगला देताना मात्र दोन गोष्टी स्वतः बघा. एक, ज्या अंडरसाइजचे (घासून बारीक केलेल्या क्रँकसाठीच्या मापाचे) बेअरिंग शेल तुमच्या हातात आहेत, त्याच मापाला क्रँक घासायला सांगा. आधी क्रँक घासून मग शेल शोधत ऑपेरा हाऊस ते नाना पेठ हिंडणारे मालक काही कमी नाहीत. दुसरी, जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, जिथे भिंतीला मिळतं तिथली गोलाई कायम राहिली पाहिजे. घाईत काम उरकणारा ग्राइंडर तिथे धारदार कोपरा सोडतो आणि पुढे क्रँक त्याच रेषेत तुटते.

पिस्टन मात्र विकतच घ्यावे लागतात. जुना साठा मिळाला तर सोनंच, पण बहुतेक वेळा नको त्या ओव्हरसाइजचे (मूळ मापापेक्षा मोठे) सेट उरलेले असतात. शिवाय डबा नावाजलेल्या कंपनीचा आणि आत भलताच माल, हा प्रकार सर्रास चालतो. छपाई बघून खात्री होत नाही, मायक्रोमीटरने होते. पिस्टनचा खालचा भाग, म्हणजे स्कर्ट, मुद्दाम किंचित लंबगोल केलेला असतो. पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या काटकोनात माप जास्त, पिनच्या दिशेला कमी. इंजिन तापल्यावर तो फुगून बोअरला नीट बसतो. स्वस्त पिस्टन कधी कधी सरळ गोल कातलेले असतात. दोन्ही दिशांची मापं सारखी आली तर तो सेट दुकानातच परत द्या. तो बसवलात तर पहिल्याच उन्हाळ्यात पिस्टन चिकटेल, नाहीतर सकाळी थंड इंजिन टकटक वाजेल. चारही पिस्टन वजनकाट्यावर ठेवा. तीन-चार ग्रॅमचा फरक मिस्त्री घासून मिटवू शकतो. पंधरा ग्रॅमचा फरक असेल तर ते पिस्टन एका सेटचे नाहीतच. आणि पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला देऊ नका.

टॅपेट आणि कॅमशाफ्ट

माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, कारण वाईट टॅपेट दिसायला चांगल्याइतकाच चकचकीत असतो. अशा इंजिनात टॅपेटचं तोंड सपाट दिसलं तरी खरं म्हणजे किंचित फुगीर असतं आणि कॅमचा लोब (टॅपेटला ढकलणारा उंचवटा) किंचित तिरपा असतो. त्यामुळे टॅपेट चालताना स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते. लोकल टॅपेटमध्ये दोन दोष आढळतात. तोंड अगदी सपाट घासलेलं असतं, किंवा धातूला पुरेसा कडकपणा दिलेला नसतो. सपाट टॅपेट फिरत नाही, एकाच रेषेत घासला जातो आणि सोबत कॅमचा लोबही खातो. झिजलेलं लोखंड ऑइलमध्ये उतरून बेअरिंगपर्यंत पोचतं.

तपासणी दुकानाच्या काउंटरवरच होते. दोन टॅपेटची तोंडं एकमेकांना टेकवून उजेडासमोर धरा. कडेला केसाएवढी फट दिसली आणि ते किंचित डुलले तर तोंड बरोबर आहे. फट अजिबात नसेल तर घेऊ नका. कडकपणासाठी बारीक कानस टॅपेटच्या कडेवर हलकेच फिरवा. ती घसरली पाहिजे, धातूत रुतता कामा नये.

तिन्ही वाटांची तुलना केली तर इथे जुना साठा पहिला. तो नसेल तर मूळ टॅपेट आणि मूळ कॅमशाफ्ट जाणत्या कारागिराकडून घासून घ्यावेत, फक्त फुगीरपणा पुन्हा द्यायला त्याला बजावून सांगा. लोकल नवा माल शेवटचा पर्याय. कुठलाही टॅपेट टाकला तरी इंजिन ऑइलमध्ये झिंकचं प्रमाण चांगलं हवं. आजच्या गाड्यांसाठीच्या ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं, कारण झिंकसोबत त्या मिश्रणात असलेल्या फॉस्फरसने धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. पद्मिनीत कन्व्हर्टर नाही, टॅपेट आहेत.

रबर आणि गॅस्केट: इथे गणित उलटं

जुन्या साठ्याचे भक्त नेमके इथे चुकतात. तीस-चाळीस वर्षं डब्यात पडलेला डायाफ्राम, ऑइल सील किंवा होज न वापरता म्हातारा झालेला असतो. मुंबईची दमट हवा आणि नागपूरचा उन्हाळा, दोन्ही त्याला सोडत नाहीत. त्यात आता पेट्रोल बदललंय. पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या काळचं रबर त्यात फुगतं किंवा चिरतं. यांत्रिक पेट्रोल पंपाचा डायाफ्राम फाटला तर पेट्रोल थेट इंजिन ऑइलच्या चेंबरमध्ये जाऊन ऑइल पातळ करतं आणि बेअरिंग जातात. म्हणून रबराचा प्रत्येक भाग नवाच घ्या आणि तो इथेनॉलला टिकणारा आहे का हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. पेट्रोलच्या होजसाठी व्हायटनचा, म्हणजे इंधनाला टिकणाऱ्या रबराचा, आग्रह धरा. महाग पडेल, पण आगीचा धोका टळतो.

हेड गॅस्केटही नवंच. ते आधी ब्लॉकवर पसरून बघा: पाण्याची भोकं जुळतात का, गॅस्केटची कड बोअरच्या आत डोकावते का. डोकावलेली कड तापून लाल होते आणि गॅस्केट तिथूनच जळतं. ट्रॅफिकमध्ये तापलेल्या पद्मिनीचं अ‍ॅल्युमिनियम हेड वाकलेलंही असतं. ते सपाट करून घेतल्याशिवाय उत्तमातलं गॅस्केटही टिकणार नाही.

कंडेन्सर, पॉइंट, रोटर

गाडी वीस मिनिटं झकास चालते, मग सिग्नलला बंद पडते, थंड झाली की पुन्हा सुरू होते. मिस्त्री कार्बोरेटर साफ करतो, मालक पेट्रोलला शिव्या देतो, आणि खूपदा दोष असतो स्वस्त कंडेन्सरचा, म्हणजे इग्निशनच्या पॉइंटवरची ठिणगी शमवणाऱ्या छोट्या डबीचा. तो तापला की आतलं इन्सुलेशन दगा देतं. जुना साठा इथे कामाचा नाही, कारण आतला कागदही वयानुसार गळका होतो. लोकल मालाचा भरवसा नाही. माझी निवड चौथीच आहे: डिस्ट्रिब्युटरच्या आत बसणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन. बाहेरून काही दिसत नाही आणि मनात आलं की मूळ पॉइंट परत बसवता येतात. ज्यांना पॉइंटच हवेत, त्यांनी ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपासचा चांगला कंडेन्सर मोजून घ्यावा आणि एक जास्तीचा गाडीत ठेवावा. रोटर शक्यतो जुनाच ठेवा, तडा नसेल तर.

कार्बोरेटर आणि वॉटर पंप

कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकांची पितळी तोटी, फेकू नका. नव्या किटमधल्या जेटवर छापलेला आकडा आणि प्रत्यक्षातलं भोक यांचा मेळ असेलच असं नाही. किटमधून गॅस्केट आणि नीडल व्हॉल्व्ह घ्या, पितळी भाग मूळचेच साफ करून वापरा. वॉटर पंपाचं मूळ आवरण आणि पंखा शाबूत असेल तर त्यातच नवं बेअरिंग आणि सील बसवून घेणं सगळ्यात चांगलं.

पैसे कुठे घालायचे

बजेट तोकडं असेल तर क्रँक, पिस्टन आणि टॅपेट यांवर हात आखडू नका. तिथली चूक सुधारायला पूर्ण इंजिन पुन्हा उतरवावं लागतं. वॉटर पंप, पॉइंट, कार्बोरेटर हे बॉनेट उघडून तासाभरात बदलता येतात, तिथे सध्या साधा माल चालेल. गाडी पन्नास वर्षांपुढची असेल आणि व्हिंटेज नोंदणी करायची असेल तर दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकायचा सल्ला ऐकू नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार इंजिनात बदल केलेली गाडी त्या वर्गात बसत नाही. इटलीहून फियाट ११०० चे भाग मागवता येतात, पण कुर्ल्याच्या गाडीत वर्षांगणिक बदल होत गेले. म्हणून तुमचा भाग कॅलिपरने मोजून, त्याचे फोटो आणि मापं विक्रेत्याला पाठवून, त्याने मापं लेखी कबूल केल्यावरच पैसे भरा. कस्टम ड्युटी भरून आलेला चुकीचा पिस्टन सेट परत पाठवण्याचा खर्च त्या सेटच्या किमतीच्या जवळ जातो.