मोबाईलवरील प्रश्नमंजूषा की टेबलावरचा ‘बीअर गेम’?

कारखान्यातील सुपरवायझर आणि स्टोअरच्या मंडळींचे प्रशिक्षण खेळातून घ्यायचे ठरले, की बहुधा दोन पर्याय समोर येतात : प्रत्येकाच्या मोबाईलवर चालणारी, गुण आणि क्रमवारी दाखवणारी प्रश्नमंजूषा, किंवा टेबलाभोवती बसून खेळायचा, साठा आणि ऑर्डर हाताळण्याचा ‘बीअर गेम’. चाकणच्या एका कारखान्यात प्रशिक्षणाचे काम पाहताना मी दोन्ही वापरले आहेत.

प्रश्नमंजूषेच्या सोयीबद्दल दुमत नसावे. पाळी सुरू होण्यापूर्वीच्या पंधरा मिनिटांत ती आटोपते, कोणत्या प्रश्नावर किती जण चुकले हे लगेच दिसते, आणि दुरुस्तीपूर्वी मशीनचा वीजपुरवठा तोडून कुलूप लावण्यासारखे, तोंडपाठच असायला हवेत असे नियम उजळण्यासाठी मी आजही तीच वापरतो.

माझे मत फिरवले ते तिच्यातील घड्याळाने. आमच्याकडील प्रश्नमंजूषेत बरोबर उत्तर जितके लवकर, तितके गुण अधिक मिळत. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग घडवणाऱ्या विभागात, वीसेक वर्षे काढलेले एक ज्येष्ठ सुपरवायझर प्रश्न शेवटपर्यंत वाचत, चारही पर्याय तोलत आणि बहुतेक वेळा बरोबर उत्तर देत. तरीही प्रत्येक प्रश्नानंतर मोठ्या पडद्यावर त्यांचे नाव तळाशी दिसे, आणि प्रश्न अर्धाच वाचून बोट टेकवणारी नवी मुले वर असत. तिसऱ्या सत्रानंतर त्यांनी येणेच टाळले, आणि त्याचे मला फार वाईट वाटले. ज्या कामात घाईचा निर्णय आपण दोष मानतो, त्याच कामाच्या प्रशिक्षणात घाईला बक्षीस द्यावे, हे मला पटेना. प्रत्येक प्रश्नाची वेळ वाढवून पाहिली, पण उलटे आकडे समोर पळत असताना कोणी शांतपणे वाचत नव्हते. आपल्याकडील साधनात वेळेचे गुण बंद करता येत असतील, तर माझा आक्षेप तितका सौम्य समजावा.

बीअर गेम अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक जे फॉरेस्टर यांच्या गटात १९६० च्या सुमारास आकाराला आला. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशा चार जागा असतात. आपापसांत बोलायचे नाही, केवळ ऑर्डरची चिठ्ठी आपल्याला माल पुरवणाऱ्या मागच्या जागेकडे सरकवायची आणि माल येण्याची वाट पाहायची. पडून राहिलेल्या पेटीमागे आठवड्याला अर्धा डॉलर, तर मागणी असूनही देता न आलेल्या पेटीमागे एक डॉलर खर्च लागतो. एमआयटीतीलच संशोधक जॉन स्टरमन यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गटांचा सरासरी खर्च, योग्य निर्णयांनी जो आला असता, त्याच्या सुमारे दहापट भरला होता. आम्ही बीअरच्या जागी बेअरिंगच्या पेट्या आणि डॉलरच्या जागी रुपये धरले, बाकी नियम तेच ठेवले. आग्रह करून बोलावलेले ते ज्येष्ठ सुपरवायझर ‘कारखान्या’च्या जागी बसले आणि आकडे मांडून, वेळ घेऊन खेळले. त्यांच्याही टेबलावर पेट्यांचा ढीग साचला, परंतु तो का साचला याचा शोध घेण्यात ते सर्वांत पुढे होते. “महिनाअखेरीला आपण हेच करतो,” असे स्टोअरमधला एक मुलगा मध्येच म्हणाला, तेव्हा कोणीच हसले नाही.

अडचणी आहेत. जवळजवळ तीन तास लागतात, दोन टेबले मांडायची तर आठ माणसे लाइनवरून सोडवावी लागतात, आणि त्यासाठी उत्पादन विभागाचे मन वळवणे दर वेळी सोपे जात नाही. नियम पाठ करून घेण्यासाठी हा खेळ निरुपयोगीच म्हणावा लागेल. मात्र साठा आणि ऑर्डर हाताळणाऱ्यांना शिकवायचे असेल, तर मी हे तीन तास मागून घेईन.

खेळानंतरची चर्चा त्याच बैठकीत घ्यावी, दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. गिऱ्हाइकाची मागणी कशी बदलत गेली असेल, याचा आलेख प्रत्येकाला आधी काढायला सांगावा. आमच्याकडे बहुतेकांनी डोंगरदऱ्या काढल्या होत्या. मग मी गिऱ्हाइकाच्या चिठ्ठ्या उलगडल्या : पहिले चार आठवडे चार पेट्या, आणि पाचव्यापासून शेवटपर्यंत आठ.